जुना हापसा, नवा हापसा

शरद,

तुझ्या शोकसभेत मला बोलायला सांगितले तेव्हा मी आपल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाबद्दल बोललो. पुस्तकांची कपाटे तू स्वतः कशी बनवलीस, फळ्या वाकू नयेत म्हणून खाली आधार कुठे दिलेस, हे सांगितले. ते सगळे खरे होते आणि लोकांना आवडलेही. पण बाहेर पडताना लक्षात आले, की आपण दोघांनी ज्या एका विषयावर सर्वांत जास्त वेळ घालवला, त्याचा मी उच्चारही केला नाही. करणार तरी कसा? समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसे, मधोमध हार घातलेला तुझा फोटो, आणि मी उभा राहून सांगणार, की या माणसाचे आणि माझे पंप-ॲक्शन रायफलच्या जुन्या आणि नव्या नमुन्यांवरून भांडण होते व ते मिटायचे राहिले. कोणीतरी उठून मला पाणी आणून दिले असते.

म्हणून ते इथे लिहितो. मंडळाचा अंक वाचणाऱ्या बहुतेकांनी रायफल हातात धरलेली नसेल. तेव्हा तुझ्याशी बोलता बोलता मध्येच मला त्यांना काही समजावून सांगावे लागेल. तू म्हणशील, ‘सुरू झाला मास्तरचा तास.’ होय, सुरू झाला.

मी पेनसिल्व्हेनियातल्या या गावी शाळेत गणित शिकवायला लागलो, त्या पहिल्या वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुट्टी असल्याचे कळले. कारण विचारले, तर शिक्षकांच्या खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. मुले येत नाहीत, शिक्षकही येत नाहीत, मग इमारत गरम ठेवायची कशाला? (आता तो पहिला दिवस शनिवारावर आला आहे.) ज्या गोष्टीसाठी शाळा बंद राहते ती गोष्ट आपल्याला ठाऊक नसावी, हे मला शिक्षक म्हणून बरे वाटले नाही. तुझे कारण अधिक साधे होते. वहिनींनी परसात लावलेली मेथी आणि वांगी हरणांनी मुळासकट खाल्ली. तुझा शेजारी, गिरणीतून निवृत्त झालेला म्हातारा, कुंपणावर हात ठेवून म्हणाला, की कुंपण कितीही उंच केलेस तरी ती उडी मारतील, त्यापेक्षा तूच त्यांना खा. त्याचा खांदा दुखू लागला होता. त्याने आपली जुनी रायफल तुला विकली आणि वर सफरचंद भरून भाजलेला एक गोड ‘ॲपल पाय’ फुकट दिला.

रायफलची रचना अशी. नळीच्या खाली लाकडाची एक मूठ असते. गोळी झाडली की ती मूठ मागे ओढायची. रिकामे काडतूस बाहेर पडते. मग ती पुढे ढकलायची. नवे काडतूस आत जाऊन बसते. आपल्या राज्यात हरणासाठी आपोआप भरणारी रायफल कायद्याने चालत नाही. म्हणून ज्यांना दुसरा बार लवकर काढता यावा असे वाटते, अशा इथल्या डोंगरातल्या लोकांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची आवड. तू ती मला पहिल्यांदा दाखवलीस तेव्हा मूठ दोनदा मागेपुढे केलीस.

“काय बे मास्तर, ओळखलं का?”

“रायफल आहे.”

“हापसा आहे. गावातला हापसा. फक्त पाण्याऐवजी गोळी येते.”

त्या दिवसापासून आपल्या दोघांत तिला दुसरे नाव राहिले नाही. पुढच्या मोसमात मी दुकानातून नव्या नमुन्याची घेतली, त्याच कारखान्याची, त्याच मापाच्या गोळीची. सरावाच्या मैदानावर पहिला बार काढून मी मूठ हलकेच मागे घेतली. वस्तू नवी होती. तिला जपावे असे वाटले. काडतूस अर्ध्यात अडकले.

“अर्ध्या हापशाला पाणी येतं का बे?” तू म्हणालास. “साताऱ्याकडं घागर भरलीच नाही वाटतं कधी. पूर्ण ओढ. याच्यावर दया करायची नसते.”

घागरी मी साताऱ्यात भरल्या होत्या, शरद. म्हणूनच ते बोलणे लागले. आणि म्हणूनच पुन्हा कधी काडतूस अडकले नाही.

आता वादाकडे येतो. तुझी बाजू आधी मांडतो, कारण ती मांडायला तू नाहीस.

गोळी सुटते त्या क्षणी काडतुसाच्या मागचा लोखंडी दट्ट्या, म्हणजे बोल्ट, घट्ट अडकलेला असावा लागतो, नाहीतर सगळा जोर तोंडावर येईल. जुन्या नमुन्यात हे काम बोल्टच्या डोक्यावरचे बारीक आटे करतात. स्क्रूला असतात तसे, मध्ये मध्ये तोडलेले, एकाखाली एक. नव्या नमुन्यात त्यांच्या जागी चारच जाड खुंट्या आहेत. तू आयुष्यभर लेथवर काम करणाऱ्यांच्या शेजारी बसून कारखान्यातल्या अवजारांची रेखाटने केलीस. त्या आट्यांवरून तू बोट फिरवायचास, आणि एखाद्या विद्यार्थ्याचे सुंदर अक्षर पाहून माझा चेहरा होतो तसा तुझा होत असे. “हे कापायला माणूस लागला असेल,” तू म्हणायचास. “तुझ्या चार खुंट्यांवर तंबू उभा राहतो, रायफल नाही.” माझे उत्तर असे, की तंबूसुद्धा वाऱ्यात उभाच राहतो, आणि जिथे आटे अधिक तिथे अडकणारी घाणही अधिक. पाइनच्या झाडाची एक सुईसारखी पाती तुझ्या बोल्टमध्ये शिरली होती, तेव्हा दात घासायचा ब्रश कोणी आणून दिला होता हे तुला आठवत असेल.

जुनीची मूठ सडपातळ, तिच्यावर आडव्या खाचा, मक्याच्या कणसासारखी. हातमोजा घातलेल्या हातातूनही ती निसटत नाही. पण ती थोडी सैल आहे आणि चालताना खडखडते. हरणाचे कान पाहता हा दोष लहान नव्हे. तू चालताना अंगठा दाबून ती गप्प ठेवायचास आणि म्हणायचास, की ज्याला स्वतःची रायफल गप्प ठेवता येत नाही त्याने जंगलात जाऊ नये. जुनीच्या लोखंडाला काळानिळा झिलईदार रंग, खांद्याला टेकवायचा दस्ता अक्रोडाचा. नवीचे लोखंड मंद, करडे, जरा खरबरीत. दस्ता कुठल्याशा फिक्या लाकडाचा, वर अक्रोडाचा रंग दिलेला. मी म्हणायचो, मंद लोखंड उन्हात चमकत नाही.

“हरीण काय त्याच्यात तोंड बघायला येतं?”

“चमक लांबून दिसते.”

“आणि गंज जवळून दिसतो. खरबरीत लोखंड पाणी धरून ठेवतं, मास्तर. थांब, बघशील.”

हे मात्र तुझे बरोबर निघाले. नवीवर माझ्याच बोटाच्या ठशाला आधी गंज चढला. हा मुद्दा मी तेव्हाच तुला दिला होता. इथे पुन्हा देतो.

पण दस्त्याच्या मुद्द्यावर तू कधीच उत्तर दिले नाहीस. जुनीच्या दस्त्याची वरची कड उतरती आहे, कारण ती नळीवरच्या, नेम धरायच्या साध्या निशाणासाठी केलेली. गाल खाली टेकतो आणि डोळा बरोबर निशाणाच्या रेषेत येतो. मोतीबिंदूनंतर तू वर दुर्बीण बसवलीस, तेव्हा डोळा उंच न्यावा लागला आणि गाल हवेत राहिला. नवीची कड सरळ आहे; दुर्बीण गृहीत धरूनच ती घडवलेली. मी हे कागदावर रेषा काढून दाखवले. तू कागद पाहिलास, बाजूला सारलास आणि म्हणालास, “तुझ्या वहिनीनं सावजी रस्सा केलाय. गार होईल.”

दोन नगांवरून सर्व नमुन्यांविषयी नियम काढू नये, हे मी वर्गात शिकवत आलो. शिवाय प्रत्येक जण आपापल्या रायफलला सरावलेला. म्हणजे तुलना मुळातच एकतर्फी. म्हणून मी सुचवले, की दर मोसमानंतर अदलाबदल करावी. एक वर्ष जुनी तुझ्याकडे, नवी माझ्याकडे. पुढच्या वर्षी उलट. दुकानदाराला विचारून घेतले. आपल्यासारख्या दोन माणसांत ते चालते. काडतुसांची मॅगझिनसुद्धा एकीची दुसरीला बसत होती. तू हसलास, पण मान्य केलेस. इतकी वर्षे ती पद्धत आपण मोडली नाही, आणि आता मला अडचणीत आणले ते तिनेच.

कारण तू गेलास ते अदलाबदलीच्या मधल्या वर्षात. तुझी जुनी माझ्या कपाटात होती. माझी नवी तुझ्या तळघरात.

तुझ्या तेराव्यानंतर रोहनचा फोन आला. वाचकांसाठी सांगतो: रोहन हा तुझा मुलगा, मॉरिसव्हिलला असतो, इथेच जन्मला. वहिनींना तो आपल्याकडे नेणार आहे, घर विकायचे आहे.

“काका, डॅडची रायफल आहे बेसमेंटमध्ये. माझ्या घरी लहान मुलगी आहे, आय कान्ट टेक इट. शॉपवाला घेतो म्हणाला, सॅटरडेला देऊन टाकतो. तुम्हाला चालेल ना? आय जस्ट वॉन्टेड टू आस्क.”

मी विचार करून सांगतो म्हणालो.

शरद, तळघरातली रायफल माझी होती. ती दुकानात गेली असती, तर माझे फार काही जाणार नव्हते. तसली आजही मिळते. आणि तुझी जुनी, जिच्या मुठीवर तुझ्या अंगठ्याच्या जागी लाकूड गुळगुळीत झाले आहे, ती कोणाला न कळता माझ्याकडे राहिली असती. मला फक्त गप्प बसायचे होते. पण ती माझी नव्हती; वहिनींची होती, रोहनची होती. रोहनला खरे सांगितले, तर ती त्या दुकानदाराच्या भिंतीवर जाणार आणि मोसमाआधी कोणी अनोळखी माणूस घेऊन जाणार, हे उघड होते. माझ्या घरात विचारायला कोणी नाही. बायको जर्सी सिटीला मुलीकडे आहे, नातवंडे मोठी होईपर्यंत तिथेच राहील. मी फोनवर तिला विचारले. ती म्हणाली, “तुम्ही शेवटी सांगणारच आहात. मग उगाच दोन दिवस जेवण का सोडताय?”

हे लिहिताना आठवते: ही जर्सी सिटीला गेली त्या हिवाळ्यापासून तू दर रविवारी रायफल साफ करायला माझ्याकडे येऊ लागलास. जिला महिनोन्‌महिने कोणी चालवलेले नसे, ती रायफल तू उघडायचास, तेलाचा बोळा नळीतून ओढायचास, मला काही शिव्या द्यायचास, चहा प्यायचास आणि जायचास. ती साफ करायची गरज नव्हती हे मला कळत होते. मला कळते हेही तुला कळत असावे. मी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू येणे थांबवले असतेस. तुला संकोच वाटला असता. आता थांबण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून सांगतो, की त्या रविवारांमुळे मी नीट राहिलो.

शुक्रवारी तुझी जुनी घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. रोहनने माझी नवी आधीच वर आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. मी शेजारी जुनी ठेवली, दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री करून घेतली आणि सगळे सांगितले. रोहनला अदलाबदलीची गोष्ट ऐकून हसू आले. पण त्याने ते दाबले. वहिनींचे हात थांबले.

“म्हणजे दसऱ्याला यांनी पूजा केली ती तुमची होती?”

“हो, वहिनी.”

“तरीच. मी हळदकुंकू वाहिलं, तर म्हणाले, जरा जास्त वाहा. मास्तरची आहे, नवी आहे, तिला देवाची गरज जास्त. मला वाटलं, थट्टा करताहेत.”

मी खाली पाहिले. नवीच्या खरबरीत लोखंडात, बोल्टच्या वरच्या बाजूला, कुंकू बसले होते. झिलईच्या लोखंडावरून ते एका फडक्यात पुसले गेले असते.

“मग नीट सांगा मला,” रोहन म्हणाला. “डॅडची कुठली?”

मी दाखवली. आटे दाखवले, खुंट्या दाखवल्या, कणसासारखी मूठ दाखवली, दस्त्याची कड दाखवली. तो वाकून ऐकत होता. चांगला मुलगा आहे, शरद. त्याने खरोखर प्रयत्न केला. मग सरळ उभा राहिला.

“काका, ऑनेस्टली? मला दोन्ही सेम दिसतात. तुम्ही दोन्ही ठेवा. शॉपवाल्याला मी नाही म्हणून सांगतो.”

दोन दिवस ज्या उत्तराची मला भीती होती, त्याच्या बरोबर उलट उत्तर मिळाले. आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात एवढेच आले, की या दोन वस्तूंतला फरक ज्याला महत्त्वाचा वाटत होता असा दुसरा माणूस आता या घरात नाही, आणि कदाचित मराठी बोलणाऱ्या कोणत्याच घरात नाही.

वहिनींनी मला दारापर्यंत सोडले. “कोणती चांगली, ते ठरलं का शेवटी?”

“नाही.”

“मी यांना विचारायची. म्हणायचे, ठरलं तर मास्तर चहाला कशाला येईल?”

म्हणजे तुझ्या मते चहाला येणारा मी होतो. हाही एक मुद्दा वादाचा झाला असता.

तू गेलास म्हणून तुझे म्हणणे मी मान्य करावे, असा मोह मला या दिवसांत अनेकदा झाला. लोक मृतांना अशी सूट देतात. मी देणार नाही. मृत्यू हा पुरावा नव्हे, आणि तुला सूट दिलेली आवडली नसती. तू हातातला कप खाली ठेवून म्हणाला असतास, ‘दया करतो का बे?’ माझे मत आहे तेच आहे: वापरणाऱ्याच्या दृष्टीने नवा नमुना अधिक विचारपूर्वक केलेला आहे. घडवणाऱ्याच्या दृष्टीने विचारशील, तर तो प्रश्न वेगळा. आणि आपण इतकी वर्षे एकाच प्रश्नाची उत्तरे देत नव्हतो, अशी शंका मला हल्ली येते. ती तुझ्यासमोर मांडायची होती.

काल मोसमाचा पहिला दिवस होता. न जाण्याचे ठरवले होते, आणि तरी गेलो. पद्धतीप्रमाणे यंदा जुनी माझ्याकडे, म्हणून जुनीच नेली. आपल्या रीतीने एक जण बसायचा आणि दुसरा ओढ्याच्या काठाने सावकाश चालत यायचा, म्हणजे झोपलेली हरणे उठून बसलेल्याकडे सरकत. एकट्या माणसाला फक्त बसता येते. मी बसलो. ओढ्याच्या बाजूने कोणी येणार नव्हते हे ठाऊक असूनही मी त्याच बाजूला बघत राहिलो. एक मादी आली, माझ्याकडे पाहून गेली. मी रायफल उचलली नाही. दुपारी थंडी वाढली तसा उतरलो.

गाड्या लावतात तिथे नारिंगी जाकिटातला एक माणूस थर्मासमधून कॉफी ओतत होता. माझ्याच वयाचा असेल. त्याने माझ्या हातातली रायफल पाहिली आणि मान हलवली.

“जुन्यातली दिसते. माझ्या भावाकडे होती तशी. खडखडायची फार. मी नवी घेतली, तीच बरी. साफ करायला सोपी, दुर्बीण नीट बसते. तुमचा काय अनुभव?”

शरद, हे माझेच म्हणणे होते, शब्दन्‌शब्द. मी इतकी वर्षे तुझ्यासमोर हेच बोलत आलो. उत्तर फक्त ‘बरोबर’ इतकेच द्यायचे होते.

मी त्याला बोल्ट उघडून आटे दाखवले. हे कापायला माणूस लागला असेल, असे म्हणालो. चार खुंट्यांवर तंबू उभा राहतो, रायफल नाही, हे इंग्रजीत सांगितले, तो हसला. खरबरीत लोखंडाला गंज आधी चढतो, हे सांगितले. मूठ खडखडते हे खरे, पण अंगठा कुठे दाबायचा हे ज्याला माहीत आहे त्याच्या हातात ती गप्प राहते. आणि माझा अंगठा तिथे ठेवून, मूठ हलवून दाखवली. ती गप्प राहिली. मी हे सगळे क्रमाने, एकही मुद्दा न गाळता, वर्गात मांडतो तसे मांडले. तो कॉफीचा पेला हातात धरून ऐकत होता.

“असं पाहिलं नव्हतं मी,” तो शेवटी म्हणाला. “भाऊ असता तर त्याला सांगितलं असतं.”

त्याने कॉफी संपवली, हात केला आणि गाडी काढली. गंजाचा मुद्दा सोडला, तर मला त्यातले काहीही पटलेले नव्हते, शरद. बाकी प्रत्येक मुद्द्याचे उत्तर मला पाठ आहे. ते मी दिले नाही.